नागिओसची पाटी कशी वाचावी?

शाळेतील संगणकवर्ग, रुग्णालयातील नोंदणीची खिडकी, बँकेची शाखा, सार्वजनिक ग्रंथालय, यांपैकी कोठेही आज गेले तरी तेथे तारांचे आणि यंत्रांचे एक जाळे काम करीत असते. ते चालू असेपर्यंत त्याची आठवण कोणालाही होत नाही. ते बंद पडले की मात्र "नेट गेले" हे दोनच शब्द सर्वांच्या तोंडी येतात आणि पुढच्याच क्षणी दोषी कोण याचा शोध सुरू होतो. शाळेत हा दोष बहुधा त्या यंत्रापुढे शेवटी बसलेल्या विद्यार्थ्याच्या माथी येतो. त्याने काही तरी दाबले असणार, असे ठरून जाते. वास्तविक बिघाड दुसऱ्याच इमारतीतील एखाद्या पेटीत असू शकतो, आणि ती पेटी कोठे आहे हे त्या बिचाऱ्या मुलाला ठाऊकही नसते.

असा अन्याय होऊ नये आणि बिघाडही लवकर सापडावा, यासाठी जाळ्यावर अहोरात्र देखरेख ठेवणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. ती आपली निरीक्षणे वेबच्या एका पानावर मांडून दाखवितात. तथापि पान समोर असणे आणि ते वाचता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. लाल रंग दिसला की तेच यंत्र बिघडले, असे मानणारा मनुष्य या पानाच्या साहाय्यानेही चुकीच्याच दाराशी जाऊन उभा राहील. म्हणून या लेखात 'नागिओस' नावाच्या एका प्रसिद्ध देखरेख-सॉफ्टवेअरचे पान घेऊन, त्यात वाट कशी काढावी हे पाहावयाचे आहे.

ईथन गॅलस्टॅड या अमेरिकन तंत्रज्ञाने १९९९ साली 'नेटसेंट' या नावाने हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. पुढे नावाच्या हक्कावरून अडचण उद्भवल्यामुळे २००२ साली त्याचे नामांतर 'नागिओस' असे झाले. ग्रीक भाषेत 'आगिओस' म्हणजे संत. नव्या नावाची फोड कर्त्यांनी मोठ्या विनोदाने केली आहे; तिचा आशय असा, की नागिओस यापुढे संतपणाचा आग्रह धरणार नाही! त्याची मूळ आवृत्ती, जिला 'नागिओस कोअर' म्हणतात, ती विनामूल्य मिळते व तिची रचना कोणालाही तपासून पाहता येते. यानंतर याहून देखणी पाने असलेली सॉफ्टवेअरे पुष्कळ झाली. परंतु नागिओसचे पान साधे व काहीसे रुक्ष आहे, हाच शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा गुण होय. त्यात नक्षी कमी आणि मजकूर अधिक आहे.

पान उघडण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. नागिओसला स्वतः होऊन काहीही ठाऊक नसते; ते केवळ प्रश्न विचारते. एका संगणकावर बसून ते जाळ्यातील प्रत्येक यंत्राला ठराविक कालांतराने हाक घालते आणि उत्तराची वाट पाहते. यांतील सर्वांत साधी हाक म्हणजे 'पिंग'. माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये पिंगचा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणारे सोनार यंत्र ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून त्याने हे नाव घेतले. नागिओस असे प्रश्न स्वतः न विचारता 'प्लगिन' नावाच्या लहान लहान प्रोग्रॅमांकडून विचारवून घेते. प्रत्येक प्लगिन परत येऊन एक अंक सांगतो: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावधान, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे काही कळले नाही. पानावर दिसणारे हिरवा, पिवळा, लाल आणि नारिंगी हे रंग म्हणजे या चार अंकांचीच वस्त्रे होत. यावरून एक महत्त्वाची मर्यादा ध्यानात येते. हिरवा रंग 'सर्व काही कुशल आहे' असे म्हणत नाही. 'मी जे विचारले त्याचे उत्तर योग्य आले' एवढेच तो म्हणतो. छपाईयंत्राला केवळ पिंग केले असेल, तर त्यातील कागद संपलेला असूनही ते हिरवेच दिसेल.

आता पानाकडे वळू. डाव्या हाताला एक उभी सूची असते. तिचे चार भाग आहेत: सर्वसाधारण माहिती, जाळ्याची चालू स्थिती, मागील काळाचे अहवाल आणि खुद्द नागिओसचा कारभार. सूचीतील नावे इंग्रजीत असतात. आरंभीच्या 'होम' या पानावर देखरेखीचे काम चालू आहे की नाही, हे एका खुणेने दाखविलेले असते. पुष्कळ लोक ही खूण न पाहताच पुढे जातात. आपण तसे करू नये; कारण पहारेकरीच झोपला असेल, तर त्याच्या वहीतील नोंदी कितीही सुबक असल्या तरी त्यांचा उपयोग काय?

'टॅक्टिकल ओव्हरव्ह्यू' हे पान पाहुण्यांना दाखविण्यास चांगले. त्यात किती यंत्रे चालू, किती बंद, यांची गोळाबेरीज असते. कामाचे पान म्हणजे 'सर्व्हिसेस'. नागिओसच्या परिभाषेत यंत्राला 'होस्ट' म्हणतात आणि त्या यंत्राकडून अपेक्षित असलेल्या प्रत्येक कामाला 'सर्व्हिस'. एका होस्टवर अनेक सर्व्हिसेस असू शकतात: डिस्कवरील मोकळी जागा, वेबपाने पुरविणे, पिंगला उत्तर देणे इत्यादी. या पानावर प्रत्येक सर्व्हिसला एक ओळ असते आणि त्या ओळीत सात रकाने असतात. होस्टचे नाव, सर्व्हिसचे नाव आणि स्थिती हे पहिले तीन रकाने कोणीही वाचील. खरे ज्ञान पुढील चार रकान्यांत आहे, आणि घाईत असलेला मनुष्य नेमके तेच वगळतो.

त्यांतील पहिला 'लास्ट चेक', म्हणजे शेवटची तपासणी केव्हा झाली. येथे एक फसवणूक संभवते. पानाच्या माथ्यावर 'लास्ट अपडेटेड' म्हणून एक वेळ दिलेली असते आणि मूळ मांडणीत पान दर ९० सेकंदांनी आपोआप ताजे होते. ती वेळ पान काढल्याची असते, तपासणी केल्याची नव्हे. पान आत्ताचे असेल आणि त्यावरील बातमी नऊ मिनिटांपूर्वीची असेल. वर्तमानपत्र आज सकाळी हाती पडले, म्हणून त्यातील प्रत्येक घटना आज सकाळीच घडली असे आपण मानतो काय? प्रत्येक ओळीची खरी तारीख व वेळ 'लास्ट चेक' या रकान्यातच पाहावी. सर्व ओळींतील ही वेळ जुनीच राहिली असेल, तर पहारेकऱ्याविषयी संशय घ्यावा.

दुसरा रकाना 'ड्युरेशन', म्हणजे ही स्थिती किती काळ टिकून आहे. एखादी लाल ओळ ४० दिवसांची असेल, तर ती आजच्या गोंधळाचे कारण असण्याचा संभव फार थोडा. ती जुनी दुर्लक्षित तक्रार आहे. उलट पाच ओळी एकाच वेळी, १४ मिनिटांपूर्वी, लाल झाल्या असतील, तर पाच यंत्रे एकदम बिघडण्यापेक्षा त्या पाचांना जोडणारी एकच वस्तू बिघडली असण्याचा संभव कितीतरी अधिक. गणितात आपण सामाईक अवयव शोधतो, तसा येथेही शोधावा.

तिसरा रकाना 'अटेम्प्ट'. त्यात १/३, २/३, ३/३ असे अपूर्णांकासारखे आकडे दिसतात, पण ते अपूर्णांक नव्हेत. एका हाकेला उत्तर आले नाही एवढ्यावरून नागिओस बोभाटा करीत नाही. नागिओससोबत येणाऱ्या सर्वसाधारण नमुन्यात सर्व्हिसची तपासणी दर १० मिनिटांनी होते. चूक आढळल्यास ती २ मिनिटांच्या अंतराने पुन्हा केली जाते. आणि तिसऱ्या वेळीही चूक कायम राहिली, तरच बिघाड सिद्ध झाला असे मानून जबाबदार माणसाला सूचना धाडली जाते. सिद्ध होण्यापूर्वीच्या स्थितीला 'सॉफ्ट' आणि सिद्ध झालेल्या स्थितीला 'हार्ड' म्हणतात. न्यायालयात आरोप आणि दोषसिद्धी यांत जे अंतर असते, तेच येथे १/३ आणि ३/३ यांत आहे. रंग मात्र दोहोंचा लालच असतो! म्हणून लाल ओळ दिसताच प्रथम तो आकडा पाहावा.

चौथ्या रकान्यात प्लगिनने आपल्या शब्दांत दिलेला जबाब असतो. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, किती टक्के हाका वाया गेल्या, डिस्कवर किती जागा उरली, हे सारे तेथे लिहिलेले असते. नागिओससोबतच्या नमुन्यातील एका संगणकाच्या पिंगसाठी मर्यादा अशी घातलेली आहे: उत्तराला १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा २० टक्के हाका हरवल्या तर पिवळा, ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के ही मर्यादा ओलांडली तर लाल. या मर्यादा मनुष्याने ठरविलेल्या असतात व मनुष्याला बदलता येतात. लाल रंगामागे कोणाचा तरी एक निर्णय उभा असतो, हे विसरू नये.

येथवर सर्व्हिसेस झाल्या. होस्टच्या पानावर याहून सूक्ष्म असा एक भेद आहे, आणि माझ्या मते संपूर्ण नागिओसमध्ये शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच. होस्ट चालू असेल तर 'अप'. उत्तर देत नसेल तर दोन शक्यता: 'डाउन' किंवा 'अनरीचेबल'. डाउन म्हणजे वाट मोकळी असूनही यंत्र बोलत नाही. अनरीचेबल म्हणजे वाटच तुटली आहे; पलीकडचे यंत्र जिवंत आहे की नाही, हे येथून सांगता येत नाही. पावसाळ्यात घटप्रभेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला, म्हणजे पलीकडचे गाव बुडाले असे नव्हे. पलीकडची बातमी आपल्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच आपणांस म्हणता येते.

हा भेद नागिओसला कसा कळतो? आपण सांगितला तरच. प्रत्येक होस्टची नोंद करताना त्याचा 'पेरेंट', म्हणजे पहारेकऱ्याच्या बाजूने येताना त्याच्या अगोदर लागणारे यंत्र कोणते, हे लिहावे लागते. समजा, एका शाळेच्या दोन इमारती आहेत. नागिओसचा संगणक जुन्या इमारतीत मुख्य स्विचला जोडलेला आहे. मुख्य स्विचपासून एक तार नव्या इमारतीतील स्विचपर्यंत जाते, आणि त्या दुसऱ्या स्विचला संगणकवर्गाचा सर्व्हर, ग्रंथालयाचे छपाईयंत्र व वायफायची पेटी अशी तीन यंत्रे जोडली आहेत. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नव्या इमारतीतील काम एकाएकी थांबते. पेरेंटची नोंद केलेलीच नसेल, तर पानावर चार होस्ट सारखेच 'डाउन' दिसतील. मग एक जण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करील, दुसरा छपाईयंत्राची तार ओढून पाहील, आणि तिसरा, ओघानेच, संगणकवर्गातील मुलांना विचारील की तुमच्यापैकी कोणी काय दाबले. पेरेंटची नोंद नीट असेल, तर तेच पान म्हणेल: नव्या इमारतीतील स्विच डाउन, बाकीची तीन यंत्रे अनरीचेबल. मग जाण्याची जागा एकच उरते.

तरीही त्या स्विचपाशी जाताना मन मोकळे ठेवावे. स्विच डाउन आहे असे पान म्हणते, याचा अर्थ मुख्य स्विच बोलतो आणि हा बोलत नाही, एवढाच. स्विच स्वतः जळाला असेल, त्याची वीज गेली असेल, किंवा दोन इमारतींमधली तार कुदळीने तुटली असेल. पहारेकरी आपल्या जागेवरून या तिन्हींत भेद करू शकत नाही. तेथे डोळे आणि पाय हीच साधने उरतात. आणि जेव्हा मुख्य स्विचसकट सारे जाळेच बुडाल्याचे दिसेल, तेव्हा जगाची चिंता करण्यापूर्वी नागिओसच्या संगणकाची स्वतःची तार जागेवर आहे की नाही, ते पाहावे.

याच कामासाठी सूचीत 'नेटवर्क आउटेजेस' नावाचे एक लहानसे पान आहे. ज्या होस्टच्या पडण्याने त्याच्यामागची यंत्रे तुटली, अशा मूळ अपराध्यांचीच यादी तेथे येते व प्रत्येकापुढे किती यंत्रे बाधित झाली तो आकडा असतो. आपल्या उदाहरणात तेथे केवळ एक ओळ असेल. मोठ्या जाळ्यात शेकडो लाल ओळींचा पाऊस पडत असता हे पान प्रथम उघडणारा मनुष्य बराच वेळ वाचवितो. 'मॅप' या पानावर हेच नाते चित्ररूपाने पाहावयास मिळते. मध्यभागी नागिओस आणि त्याभोवती फांद्या. नवख्याने ते एकदा निवांतपणी अवश्य पाहावे, संकटाच्या वेळी नव्हे.

होस्टच्या अथवा सर्व्हिसच्या नावावर टिचकी मारली की त्याचे स्वतंत्र पान उघडते. तेथे उजवीकडे काही आज्ञा असतात. त्यांतील 'ॲकनॉलेज' ही आज्ञा म्हणजे 'हे काम मी हाती घेतले आहे' अशी सही होय. ती केल्याने बिघाड बरा होत नाही आणि रंगही बदलत नाही, परंतु पुनःपुन्हा येणाऱ्या सूचना थांबतात आणि 'अनहँडल्ड', म्हणजे बेवारस, तक्रारींच्या यादीतून ती ओळ निघते. सोबत दोन ओळींचे टिपण लिहावे लागते. केवळ 'पाहतो' असे लिहून सही करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांच्यामागून येणाऱ्याला त्या शब्दाचा काडीचाही उपयोग नसतो. 'नव्या इमारतीतील स्विचला वीज नाही, वायरमनला ११ वाजता बोलाविले' असे लिहिले, तर दुसरा मनुष्य त्याच वाटेने पुन्हा जात नाही. आगाऊ ठरलेल्या दुरुस्तीसाठी 'डाउनटाइम' ही वेगळी सोय आहे. ती वेळ आधी नोंदविली की तेवढ्या काळात सूचना जात नाहीत.

एखादी सर्व्हिस क्षणात हिरवी, क्षणात लाल होऊ लागली, तर तिला 'फ्लॅपिंग' म्हणतात. नागिओस शेवटच्या २१ तपासण्या पाहून त्यांत स्थिती किती वेळा पालटली याचे टक्के काढते, आणि ते मर्यादेबाहेर गेले की सूचना रोखून धरते. हे योग्यच आहे. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनी बालवर्गात ऐकली आहे. रात्री पन्नास खोट्या सूचना घेणारा मनुष्य एकावन्नावी वाचीत नाही.

अहवालांच्या भागात 'अव्हेलेबिलिटी' हे पान गणिताच्या विद्यार्थ्यांना आवडेल. अमुक यंत्र ठरलेल्या काळात किती टक्के वेळ चालू होते, ते तेथे मिळते. ९९ टक्के हा आकडा कानाला फार गोड वाटतो. परंतु ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात आणि त्यांचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. ही सव्वासात तासांची खोट रात्री पडली, तर शाळेला तिची वार्ताही नसेल. ती अर्ज भरण्याच्या दिवशी सकाळी १० वाजता पडली, तर तो सारा दिवस बुडाला. म्हणून अहवाल मागताना कोणत्या वेळांचा हिशेब करावयाचा, हे निवडण्याची सोय दिलेली आहे. नागिओससोबत येणाऱ्या नमुन्यात कामाची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते सायंकाळी ५, अशी धरलेली आहे. जेथे शनिवारीही सकाळची शाळा भरते, तेथे ती तशीच ठेवली तर शनिवार हिशेबातून निसटेल. पहारेकरी स्वतःच बंद होता त्या काळाचे काय करावे, असाही एक प्रश्न अहवालाच्या अर्जात असतो. त्या काळात पूर्वीचीच स्थिती कायम होती असे गृहीत धरण्याचा पर्याय तेथे आहे. तो पर्याय घेतला तर जे कोणी पाहिलेच नाही, तेही टक्केवारीत मिसळते.

हे पान विद्यार्थ्यांना दाखवावे की नाही, असा प्रश्न काही शिक्षकांना पडेल. नागिओसमध्ये केवळ वाचण्यापुरता प्रवेश देता येतो. असा मनुष्य सर्व पाहू शकतो, परंतु आज्ञा देऊ शकत नाही. माझे मत असे, की इयत्ता नववी-दहावीच्या दोन विद्यार्थ्यांना असा प्रवेश जरूर द्यावा. बिघाडाच्या वेळी लाल ओळ दाखवून "बाई, हे यंत्र अनरीचेबल आहे, डाउन नाही" असे सांगू शकणाऱ्या मुलीवर कोणी विनाकारण ठपका ठेवणार नाही.

ज्यांना घरी सराव करावयाचा असेल, त्यांनी लिनक्स चालणारा एखादा जुना संगणक घेऊन त्यावर नागिओस कोअर बसवावे. बसविल्यावर प्रथम ते स्वतःचीच देखरेख करते. 'लोकलहोस्ट' या नावाखाली आठ सर्व्हिसेस दिसतात. त्यांत एक वेबची आणि एक 'एसएसएच'ची, म्हणजे दुरून संगणकात प्रवेश करण्याची असते. या दोहोंच्या सूचना नमुन्यातच बंद ठेवलेल्या असतात, त्यामुळे प्रयोग करताना कोणाला सूचना जाण्याची भीती नाही. वेबची सेवा मात्र बंद करू नये. तसे केल्यास पाहावयाचे पानच नाहीसे होईल. एसएसएचची सेवा बंद करावी आणि घड्याळ घेऊन बसावे. या नमुन्यात तपासणी दर ५ मिनिटांनी होते, चूक दिसल्यावर दर १ मिनिटाने, आणि एकूण प्रयत्न ४. तेव्हा पहिली लाल ओळ १/४ अशी केव्हा येते आणि ४/४ पर्यंत पोहोचण्यास सेवा बंद केल्यापासून कमीत कमी किती आणि अधिकात अधिक किती मिनिटे लागतील, हे आधी कागदावर काढावे व मग पानाशी ताडून पाहावे. शेवटी 'अलर्ट हिस्टरी' उघडली की त्याच घटनेच्या सॉफ्ट लिहिलेल्या तीन ओळी आणि हार्ड लिहिलेली एक ओळ, वेळांसह, एकीखाली एक सापडतील.